मातीवरच्या ड्रॅगसाठी ४५० क्वाड: पिस्टन नंतर, आधी पहिले साठ फूट

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यातल्या एका वाक्यावर मी अडकलो. ते वाक्य पुढे सांगतो; आधी बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. तुमच्याकडे यामाहा वायएफझेड४५० आहे, म्हणजे चार चाकांची स्पोर्ट क्वाड, कार्बोरेटरवाली. पूर्ण एक्झॉस्ट बदललाय, एअरबॉक्सचं झाकण काढलंय आणि त्या हिशेबाने मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) वाढवलाय. बाकी गाडी कंपनीतून आली तशीच आहे: १४/३८ स्प्रॉकेट (पुढे १४ दात, मागे ३८), मूळ मापाचे टायर, मूळ सस्पेन्शन. आजवर मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर चालवत होता, आता ३०० फुटांच्या मातीच्या ड्रॅगमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या सरळ रेषेतल्या शर्यतीत, उतरलात आणि सलग तीनदा हरलात. इंजिनची ताकद वाढवायला हाय कॉम्प्रेशन पिस्टन आणि कॅम टाकू, की स्विंगआर्म (मागचा आस धरणारा हात) लांब करून घेऊ, असं तुम्ही विचारताय. पुढची शर्यत तीन आठवड्यांवर आहे.

आणि ते वाक्य: 'शेवटच्या शंभर फुटांत मी समोरच्याला गाठत येतो, पण तोवर रेषा येते.'

अहो, निदान तुम्हीच करून ठेवलंय. इंजिन कमी पडत असतं तर तुम्ही सुरुवातीला बरोबरीने निघाला असता आणि शेवटी मागे पडला असता. तुमचं नेमकं उलट होतंय. म्हणजे इंजिनात दम आहे, तो जमिनीपर्यंत पोचत नाही. त्यातच तुम्ही पुढे लिहिलंय की क्लच सोडला की पुढची चाकं उचलतात आणि थ्रॉटल कमी करावा लागतो. अशा गाडीत पिस्टन टाकणं म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला. ताकद वाढली की चाकं आणखी लवकर उचलतील आणि थ्रॉटलवरचा तुमचा अंगठा आणखी लवकर मागे येईल.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, ठेच लागल्यावर बोलतोय. माझ्या पहिल्या ड्रॅग क्वाडला मी सगळ्यात आधी १३.५:१ कॉम्प्रेशनचा पिस्टन आणि कॅम टाकला होता. गाडीचा आवाज असा सुटला की रांगेतले लोक वळून बघायचे. धावेनंतर मिळणाऱ्या वेळेच्या स्लिपवर मात्र पहिल्या ६० फुटांच्या वेळेचा आकडा होता तिथेच, उलट दोन-तीन धावांत वाढलेला. वर त्या पिस्टनला पंपावरचं साधं पेट्रोल चालेना, रेसचं इंधन शोधत फिरावं लागलं ते वेगळंच.

साठ फुटांवर एवढा जोर का देतोय, ते एका साध्या हिशेबाने सांगतो. ३०० फूट म्हणजे साधारण ९१ मीटर, आणि ६० फूट म्हणजे त्याचा पाचवा भाग. गाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारख्याच जोराने वेग घेते असं धरलं, तर पहिल्या पाचव्या भागाला एकूण वेळेच्या सुमारे ४५ टक्के वेळ लागतो. प्रत्यक्षात वेग वाढेल तसा जोर कमी होतो, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो. पण धाव साधारण पाच सेकंदांची धरली तर त्यातली दोन सेकंदं पहिल्या साठ फुटांतच जातात हे खरं. तिथे गमावलेला वेळ उरलेल्या २४० फुटांत इंजिनच्या जोरावर भरून काढायचा तर फार महागात पडतं.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. ट्रॅकची माती कशी आहे, पाणी मारलेली चिकण आहे की वरून भुसभुशीत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुमचं वजन लिहिलेलं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही कुठल्या क्लासमध्ये धावता ते लिहिलेलं नाही. बऱ्याच ठिकाणी स्टॉक क्लासमध्ये मूळ लांबीचा स्विंगआर्म ठेवावाच लागतो. तो लांब केला की तुम्ही थेट त्या लोकांसमोर उभे राहता ज्यांची गाडी फक्त ड्रॅगसाठीच बांधलेली आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी नियमांचा कागद वाचा. हे कंटाळवाणं काम आहे, पण मी स्वतः एकदा स्क्रुटिनीच्या, म्हणजे शर्यतीआधीच्या तपासणीच्या, टेबलावरून गाडी ढकलत परत नेलीय.

पुढची चाकं का उचलतात ते बघू. गाडी आणि स्वार मिळून जो वजनाचा मध्य असतो, तो जमिनीपासून किती उंच आहे आणि मागच्या आसापासून किती पुढे आहे, या दोनच मापांवर सगळा खेळ आहे. समजा तो ६० सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर पुढे आहे. मग गाडीचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या बरोबरीने, म्हणजे १ जी ने वाढायला लागला की पुढची चाकं हवेत. आता गाडी पाच सेंटिमीटर खाली बसवली, तर तीच मर्यादा सुमारे १.०९ होते. एक नट न बदलता नऊ टक्के.

त्याहून स्वस्त गोष्ट म्हणजे तुम्ही स्वतः. गाडी आणि तुम्ही मिळून २४० किलो धरू, त्यात तुम्ही ७५. तुम्ही सीटवर १५ सेंटिमीटर पुढे सरकलात तर एकूण वजनाचा मध्य जवळजवळ पाच सेंटिमीटर पुढे जातो. छाती टाकीवर, हनुवटी हँडलबारच्या वर, कोपरं बाहेर. मोटोक्रॉसची सवय असलेला माणूस सुटताना हमखास मागे झुकतो, कारण तिथे मागच्या चाकावर वजन देऊन सुटायची सवय लागलेली असते. कुणाला तरी बाजूने तुमचा व्हिडिओ घ्यायला सांगा. मी माझा पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं, हा कोण बुवा आरामखुर्चीत बसलाय!

गाडी खाली बसवण्याचे दोन मार्ग. सोपा मार्ग म्हणजे फ्रेम आणि ए-आर्म (पुढची चाकं धरणारे हात) यांच्यामध्ये पट्टे घालून पुढचं सस्पेन्शन दाबून बांधून टाकायचं. दुसरा मार्ग म्हणजे मागे शॉक काढून त्याच्या जागी घट्ट दांडा, ज्याला स्ट्रट म्हणतात, तो बसवायचा. ट्रॅक सपाट आणि कडक असेल तर स्ट्रट उत्तम, कारण सुटताना मागचा भाग बसत नाही आणि पुढचा उचलत नाही. पण ट्रॅकवर खाचा असतील तर स्ट्रटची गाडी चेंडूसारखी उडते, आणि उडणारं चाक ओढत नाही. तुमच्याकडे तीन आठवडेच आहेत, तेव्हा पुढे पट्टे आणि मागे मूळ शॉकच, प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) कमी करून आणि रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडणं) मंद करून, एवढ्यावर थांबा.

हे करताना दोन गोष्टी विसरू नका. मागची उंची बदलली की चेनचा ताण बदलतो, म्हणून चेनचा ढिलेपणा गाडी स्टँडवर असताना मोजू नका. जेवढ्या उंचीवर गाडी प्रत्यक्ष धावणार, त्या उंचीवर, माणूस सीटवर बसवून मोजा. आणि पुढचा भाग खाली ओढला की पुढच्या चाकांची टो (चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळलीत ते) बदलते. दोन्ही टायरांच्या मधोमध खडूने रेघ मारा आणि पुढून-मागून अंतर मोजा. ड्रॅगसाठी मी टो जवळजवळ शून्य ठेवतो, पुढून मागच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी, बस. टो बाहेरच्या बाजूला गेली तर गाडी रेषेत राहत नाही, शेवटी शेवटी तर अंगावर काटा येतो.

रेषेवरून आठवलं. हा भाग मी थोडा लांबवणार आहे, कारण याबद्दल कुणी कुणाला सांगत नाही. स्पोर्ट क्वाडच्या मागच्या आसाला डिफरेन्शियल नसतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसलेली, एक फेरा एकाचा म्हणजे एक फेरा दुसऱ्याचा. आता दोन टायरांचा घेर सारखा नसेल तर? २० इंची टायरचा घेर साधारण १५९६ मिलिमीटर येतो. एकाचा घेर दुसऱ्यापेक्षा फक्त १० मिलिमीटर जास्त असला, तर ९१ मीटरच्या धावेत त्या बाजूचं चाक सुमारे ५७ सेंटिमीटर जास्त जाऊ बघतं. ते जाऊ शकत नाही, म्हणून एकतर टायर घासत जातो नाहीतर गाडी लहान टायरच्या बाजूला वळते. बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं होतं.

माझी एक गाडी एक अख्खा हंगाम डावीकडे ओढायची. मी आस बदलला, बेअरिंग बदललं, स्विंगआर्म वाकलाय म्हणून तो सोडून तपासला. शेवटी एका मित्राने शिंप्याची टेप मागच्या टायरभोवती गुंडाळली आणि मला काही न बोलता दोन्ही आकडे दाखवले. २२ मिलिमीटरचा फरक. दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच दिवशी घेतलेले. नवे टायरसुद्धा सारखे निघतील असं गृहीत धरू नका.

कृती अशी. गाडी वर उचला, दोन्ही मागच्या टायरांत तंतोतंत सारखी हवा भरा. त्यासाठी कमी दाबाचा गेज घ्या, ० ते १५ पीएसआयचा. कारचा गेज चार पीएसआयला काहीही दाखवतो. दोन्ही टायर सावलीत थंड झाल्यावरच मोजा, एक बाजू उन्हात तापलेली असेल तर आकडा फसवतो. पातळ टेप ट्रेडच्या मधोमध गुंडाळा. फरक तीन-चार मिलिमीटरपर्यंत असेल तर मोठ्या टायरची हवा पाव-अर्धा पीएसआय कमी करून भागतं. जास्त असेल तर लहान टायरमध्ये रात्रभर जास्त हवा भरून ठेवा, टायरच्या बाजूवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. टायर थोडा ताणला जातो आणि बऱ्याचदा काम होतं. नाही झालं तर जोडी बदला.

टायर कुठले, हे मात्र मातीवर ठरतं. वाळूत चालणारे पॅडल टायर कडक मातीवर आणू नका. ते वाळू उपसायला असतात, कडक मातीवर नुसते नाचतात. पाणी मारून घट्ट बसलेल्या, चकाकणाऱ्या मातीवर उंच गठ्ठ्यांचा टायर वाकतो आणि घसरतो. तिथे गठ्ठे खाली घासलेला आणि बारीक चिरा मारलेला टायर जास्त पकडतो, कारण रबराचा जास्त भाग जमिनीला लागतो. भुसभुशीत मातीवर मात्र तेच उंच गठ्ठे कामाला येतात. तुमचे मूळ मोटोक्रॉस टायर मधल्या परिस्थितीत बरे चालतील. हवा मी कडक मातीवर पाच-सहा आणि सैल मातीवर तीन-चार पीएसआय ठेवतो. हे माझ्या वजनासाठी आहे; तुम्ही इथून सुरू करा आणि अर्ध्या-अर्ध्या पीएसआयने बदलत जा.

बरेच जण मागे १८ इंची टायर घालतात. त्याने आस एक इंच खाली येतो, म्हणजे मागची बाजू आपोआप खाली बसते, आणि गिअरिंग दहा टक्क्यांनी आखूड होतं. इथेच लोक चुकतात. १८ इंची टायर घालून वर मागचं स्प्रॉकेटही मोठं करतात. तुमच्या १४/३८ ला १८ इंची टायर लावला, तर तो २० इंचीवर मागे ४२ दात लावल्यासारखाच झाला. आता आणखी दात वाढवले तर पहिला गिअर सुरू होता होताच संपेल. हिशेबासाठी लक्षात ठेवा: तुमच्या जोडीत पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे साधारण तीन दात वाढवणं.

मग गिअरिंग किती ठेवायचं? मी दोन गोष्टी बघतो. एक, रेषा ओलांडताना इंजिन त्या गिअरच्या शेवटाजवळ असावं पण लिमिटरवर (इंजिनचे फेरे जिथे रोखले जातात ती मर्यादा) आदळू नये. दुसरी, वाटेत गिअर किती वेळा बदलावे लागतात. प्रत्येक गिअर बदलताना गाडी क्षणभर श्वास घेते, आणि पाच सेकंदांच्या धावेत असे तीन श्वास परवडत नाहीत. म्हणून मी ४५० वर दुसऱ्या गिअरमध्येच सुटतो. पहिला गिअर मातीवर नुसता चाक फिरवतो नाहीतर पुढचा भाग उचलतो. दुसऱ्यात सुटून तिसरा आणि चौथा, दोनच बदल. हे जमेल असं गिअरिंग शोधा. तुमच्या मूळ जोडीवर मागे ४० पासून सुरुवात करा. तुमच्या गाडीत आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे रेषेजवळ कुणाला तरी उभं करून आवाजाचा व्हिडिओ घ्यायला सांगा. लिमिटरची तडतड त्यात स्पष्ट ऐकू येते.

गिअर बदलताना क्लच दाबू नका. गिअर लिव्हरखाली पायाचा हलका दाब आधीच ठेवा आणि अंगठा क्षणभर सैल सोडा, गिअर आपोआप पडतो. अंगठ्याचा थ्रॉटल पूर्ण सोडायचा नाही, फक्त 'हं' म्हणण्याएवढा. हे आधी शांतपणे कमी वेगात पन्नास वेळा करा.

क्लच हा दुसरा मोठा भाग. दुसऱ्या गिअरमध्ये सुटायचं म्हणजे क्लचवर भार जास्त. क्लच प्लेटांची जाडी मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा, स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून वाकलेल्या नाहीत ना ते बघा. प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटच्या बोटांवरून नख फिरवा. नख अडकेल एवढ्या खाचा पडल्या असतील तर प्लेटा त्यात अडकतात आणि क्लच झटक्याने धरतो. त्या हलक्या असतील तर कानसाने साफ होतात, खोल असतील तर बास्केट बदलायला आलं. थोड्या कडक स्प्रिंगा टाका. ऑईल जासो एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या) दर्जाचंच घाला. कारचं 'इंधन वाचवणारं' ऑईल ओल्या क्लचला चालत नाही, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी प्लेटा घसरतात. लॉकअप क्लच नावाचा प्रकार मिळतो, आरपीएम वाढतील तसा तो प्लेटा जास्त दाबतो. चांगला आहे, पण तुमच्या ताकदीला आत्ता त्याची गरज नाही.

सुटण्याची रीत सांगतो. रेषेवर पुढचा ब्रेक हलका धरा आणि क्लच इतका सोडा की चेनचा वरचा भाग ताठ होईल, गाडी पुढच्या ब्रेकवर किंचित झुकेल. एवढं केलं की चेनमधला आणि गिअरमधला सगळा ढिलेपणा आधीच निघून जातो. मग इंजिन एका ठरावीक आवाजावर धरा. माझा अंदाज सहा ते सात हजारांच्या मधला, पण खरं माप म्हणजे पुढची चाकं जमिनीला जेमतेम शिवत राहतील एवढा. दिवा पडला की ब्रेक एकदम सुटतो, क्लच मात्र सोडून द्यायचा नाही. शेवटचा पाव इंच बोटांनी वाहून न्यायचा. चाकं उचलायला लागली की थ्रॉटल तसाच ठेवून क्लच केसभर ओढायचा. थ्रॉटल सोडला की इंजिन खाली पडतं आणि पुन्हा वर यायला वेळ लागतो. हीच तुमची गडबड होतेय असा माझा पक्का संशय आहे.

दिव्याचं म्हणाल तर, प्रो ट्री (सुटण्याच्या दिव्यांचा एक प्रकार) असेल तर तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. हिरवा दिसल्यावर सुटणारा माणूस उशिराच सुटतो. पिवळा दिसला की बोटं सुटली पाहिजेत. हिरवा लागेपर्यंत तुमचा मेंदू, तुमची बोटं आणि गाडी यांना मिळून तेवढा वेळ लागतोच. मातीवरच्या समोरासमोरच्या शर्यतीत घड्याळातला तुमचा वेळ चांगला असूनही तुम्ही हरू शकता, कारण घड्याळ तुम्ही हलल्यावर सुरू होतं आणि निकाल मात्र रेषेवर आधी कोण पोचला यावर लागतो. तुमच्या तीन हारांच्या स्लिपांवर रिअ‍ॅक्शनचा आकडाही (दिव्यानंतर सुटायला लागलेला वेळ) असेल, तोही बघा. अर्धी हार तिथेच सापडली तर आश्चर्य वाटायला नको.

आता कार्बोरेटर. एअरबॉक्सचं झाकण काढून तुम्ही मेन जेट वाढवलाय, ठीक. पण ड्रॅगमध्ये पहिला धोका मेन जेटचा नसतो, अ‍ॅक्सलरेटर पंपाचा असतो. तुमच्या ३९ मिलिमीटरच्या केहिन एफसीआरवर थ्रॉटल एकदम उघडला की हवा लगेच धावते आणि पेट्रोल मागे राहतं. त्या क्षणाला पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. ती अपुरी पडली तर गाडी घुसमटते, अर्धा श्वास अडकल्यासारखी. एअरबूट काढून, इंजिन बंद ठेवून थ्रॉटल दाबून बघा: पिचकारी थ्रॉटल उघडता क्षणी सुरू व्हावी आणि स्लाइडला न आपटता सरळ आत जावी. उशिरा सुरू होत असेल तर पंपाच्या दांड्याची खेळी कमी करा. पिचकारी बारीक वाटली तर लहान लीक जेट (पंपातलं थोडं पेट्रोल परत सोडणारं छिद्र) लावा.

मेन जेटसाठी जुनी रीतच खरी. नवा प्लग लावा, पूर्ण थ्रॉटलवर धाव पूर्ण करा आणि रेषेवरच क्लच ओढून किल स्विच मारा, मग प्लग काढून त्याचा रंग बघा. आणि शर्यतीच्या दिवसाची हवा लक्षात घ्या. उंची ३०० मीटरने वाढली की हवा सुमारे तीन टक्के पातळ होते; तापमान २५ वरून ३५ अंशांवर गेलं तरी जवळजवळ तेवढाच फरक पडतो. सकाळी बरोबर असलेलं जेटिंग दुपारी जाड, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, होऊ शकतं. मी एक नंबर मोठा आणि एक नंबर लहान असे दोन जेट खिशात ठेवतो.

एअर फिल्टर काढून धावू नका. 'फक्त पाच सेकंदं तर जायचंय' हे मी खूप ऐकलंय. पण रेषेवर उभं असताना पुढच्या जोडीने उडवलेली सगळी धूळ तुमच्या इंजिनसमोर लोंबकळत असते. तुमच्या इंजिनातले पाचही व्हॉल्व्ह टायटॅनियमचे आहेत. त्यांच्या तोंडावरचा कडक थर धुळीने झिजला की व्हॉल्व्ह आत बसत जातो, क्लिअरन्स संपतो आणि एक दिवस गाडी सुरूच होत नाही. फोमचा फिल्टर, नीट तेल लावलेला, एवढ्याने तुमची शर्यत जाणार नाही.

स्विंगआर्मचा प्रश्न राहिला. लांब केला की चाकं उचलणं कमी होतं हे खरं. चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर लांब केला तर वर सांगितलेल्या हिशेबात वजनाचा मध्य आसापासून ६० च्या जागी ७० सेंटिमीटर पुढे येतो. पण त्याचीच दुसरी बाजू बघा. तुमच्या गाडीचा व्हीलबेस साधारण १२८ सेंटिमीटर आहे. उभ्या गाडीत मागच्या चाकांवर सुमारे ५३ टक्के वजन असेल, तर लांब केल्यावर ते ४९ वर येतं. चिकट ट्रॅकवर हा सौदा फायद्याचा, निसरड्या ट्रॅकवर तोट्याचा. तिथे आधी उचलणारी गाडी आता नुसती चाकं फिरवत उभी राहील. शिवाय चेनला १२ ते १४ कड्या जास्त, मागच्या ब्रेकची लांब नळी, आणि वळणावर तीच गाडी बैलगाडीसारखी. मोटोक्रॉस सोडून दिलं असेल तरच त्या वाटेला जा, आणि तेही आधी गाडी खाली बसवून, पुढे बसायला शिकून, तरीही चाकं उचलतायत असं दिसल्यावर.

वजन कमी करताना लोक सगळ्यात आधी पुढचा बंपर काढतात. तो राहू द्या, पुढचं वजन सध्या तुमच्या उपयोगाचं आहे. मागची ग्रॅब बार काढा, मागचे जास्तीचे ब्रॅकेट काढा, टाकी अर्धीच भरा. नर्फ बार (पायाशेजारच्या संरक्षक नळ्या) मात्र काढायचे नाहीत. सुटताना पाय पेगवरून घसरला तर तो मागच्या चाकाखाली जातो, आणि तसं झालेलं मी एकदा पाहिलंय, पुन्हा बघायचं नाही. मनगटाला बांधायची दोरीवाली किल स्विच लावा आणि प्रत्येक धावेआधी एकदा ओढून ती खरंच इंजिन बंद करते का ते बघा. रेषेनंतर थांबायला जागा किती आहे, हे पहिल्या धावेआधी पायी चालत जाऊन बघा. हा सगळा सराव बंद ट्रॅकवरच करायचा, रस्त्यावर नाही.

तर तीन आठवड्यांचा क्रम माझ्या मते असा. पहिल्या आठवड्यात खर्चाचं काही नाही: टायरांचा घेर, टो, चेन, क्लचची तपासणी, अ‍ॅक्सलरेटर पंप, आणि पुढे पट्टे लावून गाडी खाली. दुसऱ्या आठवड्यात एक पूर्ण दिवस फक्त सुटण्याचा सराव, साठ फुटांपुरताच. त्यापुढे जायची गरज नाही. वहीत प्रत्येक वेळी टायरची हवा, बसण्याची जागा आणि काय झालं ते लिहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुठली लागू पडली ते कधीच कळत नाही. मागचं ४० दातांचं स्प्रॉकेट त्याच दिवशी, पण सुटणं जमल्यावर, शेवटी लावून बघा. तिसऱ्या आठवड्यात काहीही नवं बसवू नका. ऑईल बदला, क्लच केबलची खेळी पुन्हा बघा, मागच्या आसाचे नट, स्प्रॉकेटचे बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा.

शर्यतीच्या सकाळी ट्रॅकवर लवकर पोचा आणि दोन्ही लेन पायाखाली घालून बघा. पाणी नुकतंच मारलेलं असेल तर हवा थोडी कमी, दुपारी माती वाळून चकाकायला लागली की थोडी जास्त. ज्या लेनमध्ये सुटण्याच्या जागी खड्डा पडलाय, ती निवडायची वेळ आली तर मागची चाकं खड्ड्याच्या अलीकडे नव्हे, थेट त्यात टाकून स्टेज करा (सुरुवातीच्या रेषेवर उभे राहा), म्हणजे सुटताना ती खड्ड्यात पडणार नाहीत. आणि घरी आल्यावर तिन्ही जुन्या आणि या नव्या स्लिपांचे ६० फुटांचे आणि रिअ‍ॅक्शनचे आकडे, तुमचं वजन आणि क्लासचं नाव एवढं लिहून पाठवा. पिस्टनचं त्यानंतर बोलू.